फुल्ली डिफरन्शियल अँप्लिफायरमधून एकच आउटपुट घ्यायचं असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये फुल्ली डिफरन्शियल अँप्लिफायर (पुढे नुसतं एफडीए) बसवायचा आणि त्याच्या दोन आउटपुटांपैकी एकच वापरायचं, हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. कधी तोच भाग हाताशी असतो, कधी डेटाशीटवरचा करंट फार आकर्षक दिसतो. हे पान अशांसाठी आहे. ऑप-अँपचा इन्व्हर्टिंग आणि नॉन-इन्व्हर्टिंग गेन काढता येतो, एवढं गृहीत धरलं आहे. हिशेबांत जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे सप्लाय ३.३ व्होल्टचा समजावा.

एफडीए म्हणजे दोन आउटपुटांचा ऑप-अँप, एवढंच ना?

एवढंच नाही. आत दोन स्वतंत्र लूप चालू असतात. पहिला डिफरन्शियल लूप. तो तुम्ही बाहेरून रेझिस्टर लावून बंद करता आणि दोन इनपुटांमधला फरक शून्यावर आणणं हे त्याचं काम. दुसरा कॉमन-मोड लूप चिपच्या आतच बंद झालेला असतो. तो दोन्ही आउटपुटांची सरासरी मोजतो आणि ती व्हीओसीएम पिनवरच्या व्होल्टेजइतकी ठेवतो. एक आउटपुट वर गेलं की दुसरं तेवढंच खाली जातं ते या दुसऱ्या लूपमुळे. व्हीओसीएम पिन मोकळी सोडली तर बहुतेक भागांत आतला डिव्हायडर ती सप्लायच्या मध्यावर धरतो.

एकच आउटपुट घेताना जे काही बिनसतं, त्याचं मूळ जवळजवळ नेहमी या दुसऱ्या लूपमध्ये सापडतं.

मग एकच आउटपुट वापरलं तर चालतं का?

चालतं. चिपचं काही बिघडत नाही. पण डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे आकडे मात्र तुमचे राहत नाहीत, कारण ते दोन आउटपुटांमधल्या फरकासाठी दिलेले असतात.

स्कोपवर सिग्नल अर्धाच दिसतो. गेन चुकला का?

नाही. डिफरन्शियल गेन १ असेल तर १ व्होल्टच्या इनपुटला दोन आउटपुटांमध्ये १ व्होल्टचा फरक पडतो, म्हणजे एकीकडे अर्धा व्होल्ट वर आणि दुसरीकडे अर्धा व्होल्ट खाली. एका आउटपुटचं समीकरण असं: व्हीओसीएम + (गेन × इनपुट ÷ २). यातला पहिला तुकडा लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्याच्याभोवतीच फिरतं.

स्विंगचंही तेच. रेलपासून (सप्लायच्या वरच्या-खालच्या टोकांपासून) दोन्हीकडे ०.२ व्होल्ट सोडले तर एक आउटपुट २.९ व्होल्ट पीक-टू-पीक फिरू शकतं आणि दोन्ही मिळून ५.८. एक टाकून दिलं की ६ डेसिबल गेले.

सिग्नल अर्धा होतो तसा नॉइजही अर्धा होत असेल. मग सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर बिघडायचं कारण काय?

प्रश्न बरोबर आहे आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. डिफरन्शियल नॉइज खरोखरच दोन आउटपुटांत अर्धा-अर्धा वाटला जातो, त्यामुळे तेवढ्यापुरतं काही बिघडत नाही. बिघडतं ते व्हीओसीएममुळे. त्या पिनवरचा नॉइज दोन्ही आउटपुटांवर सारखाच, एकाच दिशेने येतो. फरक घेतला की तो कटतो. एकच आउटपुट घेतलं की तो पूर्णच्या पूर्ण तुमच्या सिग्नलमध्ये बसतो, एकास एक.

आकडे घालून पाहू. टीएचएस४५३१ए हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कमी करंटवाला एफडीए: साधारण २५० मायक्रोअँपिअर करंट, १० नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ इनपुट नॉइज. गेन १, चारही रेझिस्टर १० किलो-ओहमचे. नॉइज गेन २ असल्याने अँप्लिफायरचा वाटा २० नॅनोव्होल्ट. १० किलो-ओहमच्या रेझिस्टरचा नॉइज साधारण १२.९ नॅनोव्होल्ट, चारांचे वर्ग मिळवून २५.७. एकूण डिफरन्शियल नॉइज ३२.६ नॅनोव्होल्ट, म्हणजे एका आउटपुटवर १६.३.

आता व्हीओसीएम पिनला १०० किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर दिला आणि पिनला ५० किलो-ओहमचा स्रोत दिसतो असं धरू. त्याचा नॉइज २८.८ नॅनोव्होल्ट. वर्ग करून बेरीज केली की एका आउटपुटवर ३३.१ होतात. म्हणजे नॉइज दुप्पट, ६ डेसिबल तोटा, आणि तोही कॉमन-मोड अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज न मोजता. सप्लायवरची खरखर अजून यात आलेलीच नाही. डिव्हायडर सप्लायमधून निघतो, त्यामुळे सप्लायवरच्या रिपलचा अर्धा भाग थेट आउटपुटवर पोचतो.

व्हीओसीएमचा ऑफसेटही असाच येतो. डिफरन्शियल ऑफसेट मायक्रोव्होल्टमध्ये असलेल्या भागाचा कॉमन-मोड ऑफसेट काही मिलिव्होल्ट असणं अगदी सामान्य आहे. डिफरन्शियल वापरणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तो आकडा टेबलात खूप खाली छापलेला असतो.

डिस्टॉर्शन?

समतोल डिफरन्शियल रचनेत सम क्रमांकाचे हार्मोनिक दोन आउटपुटांत सारखे येतात आणि फरकात कटतात. एकाच आउटपुटवर दुसरा हार्मोनिक परत येतो. ईसीजी किंवा तापमानासारख्या मंद सिग्नलला याने फारसा फरक पडत नाही, ऑडिओला पडतो.

व्हीओसीएमला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की प्रश्न मिटला ना?

नॉइजपुरता बराचसा मिटतो. पण लो-पॉवर सर्किटमध्ये याच कपॅसिटरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि ती सहसा मोजलीच जात नाही.

५० किलो-ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मिळून कॉर्नर फ्रिक्वेन्सी येते सुमारे ३२ हर्ट्झ. स्विचिंग रेग्युलेटरचा १०० किलोहर्ट्झचा रिपल याने छान मरतो: १० मिलिव्होल्टच्या रिपलमधले ५ मिलिव्होल्ट पिनकडे निघाले तरी पोचताना जेमतेम १.६ मायक्रोव्होल्ट उरतात. ५० हर्ट्झला मात्र हाच फिल्टर दुपटीनेही कमी करत नाही. त्याहून मंद गोष्टी, म्हणजे यंत्रातला वायरलेस रेडिओ चालू झाल्यावर बॅटरीचं थोडा वेळ खचणं, सरळ आत येतात. सप्लाय २० मिलिव्होल्टने खचला तर आउटपुट १० मिलिव्होल्टने सरकतं. २.५ व्होल्टच्या स्वतंत्र रेफरन्सवर चालणाऱ्या १२ बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाला) हे सोळा काउंट दिसतात.

आणि जागं व्हायला लागणारा वेळ. लो-पॉवर म्हणजे बहुतेकदा चिप झोपवून ठेवायची, मधूनच उठवून मोजायचं आणि पुन्हा झोपवायचं. अँप्लिफायर मायक्रोसेकंदांत उठतो. व्हीओसीएमचा कपॅसिटर उठत नाही. त्याचा टाइम कॉन्स्टंट ५ मिलिसेकंद, १२ बिटांच्या अर्ध्या काउंटपर्यंत स्थिरावायला नऊ टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ४५ मिलिसेकंद. तेवढा वेळ २५० मायक्रोअँपिअर ओढत थांबायचं तर दर वेळी सुमारे ३७ मायक्रोज्यूल खर्च. मोजमापाला लागणारे १०० मायक्रोसेकंदच चालू ठेवलं असतं तर ०.०८ मायक्रोज्यूल. साडेचारशे पट फरक, आणि तो एका कपॅसिटरमुळे.

डिव्हायडर कायम चालू ठेवला तर थांबावं लागत नाही, पण १६.५ मायक्रोअँपिअर सतत जातात. सेकंदाला एकदा मोजणाऱ्या यंत्रात हे ५४ मायक्रोज्यूल होतात, म्हणजे थांबण्यापेक्षाही जास्त. मेगाओहमचे रेझिस्टर लावून करंट कमी करावा म्हटलं तर पिनच्या आतला डिव्हायडर आडवा येतो. त्याची किंमत बाहेरच्यापेक्षा कमी असेल तर बाहेरच्याला कुणी विचारत नाही. शटडाउनमध्ये तो आतला डिव्हायडर चालू राहतो की तुटतो, हे भागागणिक बदलतं. डेटाशीटमध्ये स्पष्ट नसेल तर बोर्डावर मोजून घ्या.

एडीसीचा रेफरन्स आणि व्हीओसीएम दोन्ही एकाच सप्लायवरून घेतले तर?

तर हा प्रश्न चक्क विरघळतो. व्हीओसीएम सप्लायच्या निम्मा, एडीसीची पूर्ण श्रेणी म्हणजे सप्लाय, त्यामुळे मध्यबिंदू १२ बिटांत २०४८ वरच राहतो, सप्लाय कितीही खचला तरी. सिग्नलचं प्रमाण मात्र सप्लायसोबत थोडं बदलतं. सेन्सरही त्याच सप्लायवर चालणारा ब्रिज असेल तर तेही कटतं. एक अट आहे: व्हीओसीएमवर मोठा कपॅसिटर असेल तर तो सप्लायच्या मागून रेंगाळत येतो आणि खचण्याच्या क्षणी हे गणित बसत नाही.

फीडबॅक फक्त एकाच आउटपुटवरून घेता येतो का?

येतो, आणि एकच आउटपुट हवं असेल तर तसाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मायनस आउटपुटचा जो हिस्सा प्लस इनपुटवर परत येतो त्याला ‘अ’ म्हणू, आणि प्लस आउटपुटचा जो हिस्सा मायनस इनपुटवर येतो त्याला ‘ब’. नेहमीच्या सममित जोडणीत अ आणि ब सारखे असतात. दोन्ही इनपुट समान आणि आउटपुटांची बेरीज व्हीओसीएमच्या दुप्पट, एवढ्या दोन अटी मांडून प्लस आउटपुट सोडवलं की त्यात व्हीओसीएमचा वाटा निघतो २अ ÷ (अ + ब). सममित जोडणीत हा वाटा बरोबर १, म्हणजे वर पाहिलं तेच एकास एक.

आता अ शून्य करा. मायनस आउटपुटवरून काहीच परत आणू नका, सिग्नल थेट प्लस इनपुटवर द्या. व्हीओसीएमचा वाटा शून्य! प्लस आउटपुट = इनपुट ÷ ब, म्हणजे नेहमीच्या नॉन-इन्व्हर्टिंग ऑप-अँपचंच समीकरण. प्लस आउटपुट थेट मायनस इनपुटला जोडलं, म्हणजे ब = १ केलं, की फॉलोअर तयार. मायनस आउटपुट आपलं (२ × व्हीओसीएम − इनपुट) असं मागेमागे फिरत राहतं.

नॉइजचा हिशेब पुन्हा मांडू. याच चिपच्या फॉलोअर जोडणीत रेझिस्टर नाहीत, त्यामुळे आउटपुटवर फक्त १० नॅनोव्होल्ट, आणि सिग्नल पूर्ण. सममित जोडणीच्या एका आउटपुटवर १६.३ नॅनोव्होल्ट होते पण सिग्नल निम्मा होता, म्हणजे इनपुटच्या हिशेबाने ३२.६. तीच चिप, तोच करंट, आणि १० डेसिबलचा फायदा. वर तो मोठा कपॅसिटर नको, त्यामुळे ४५ मिलिसेकंद थांबणंही नको. व्हीओसीएम अजून पूर्ण स्थिरावला नसला तरी प्लस आउटपुट जागेवर असतं, मायनस आउटपुट कुठे रेलला टेकलेलं नसलं म्हणजे झालं.

व्हीओसीएमचा वाटा अगदी शून्य होतो तो लूप गेन अमर्याद असेल तेव्हा. प्रत्यक्षात तो १ + (ओपन-लूप गेन × ब ÷ २) या पटीत दाबला जातो. गेन-बँडविड्थ २७ मेगाहर्ट्झ धरली तर फॉलोअरमध्ये १ मेगाहर्ट्झला हे दडपण साधारण साडेतेरा पट, म्हणजे २३ डेसिबलच्या आसपास. किलोहर्ट्झच्या खाली ते भरपूर असतं. म्हणून पिनजवळ १ नॅनोफॅरडसारखा छोटा सिरॅमिक कपॅसिटर मी तरीही ठेवीन. ५० किलो-ओहमसोबत त्याचा टाइम कॉन्स्टंट ५० मायक्रोसेकंदच होतो.

असं केल्यावर सर्किट ऑसिलेट होणार नाही ना?

डिफरन्शियल लूपसाठी जो फीडबॅक धरायचा तो अ आणि ब यांची सरासरी. फॉलोअरमध्ये तो (० + १) ÷ २, म्हणजे ०.५. सममित गेन-१ जोडणीतही दोन्ही बाजूंना ०.५ असतो. तेव्हा जो एफडीए सममित गेन १ ला स्थिर आहे तो या फॉलोअरमध्येही त्याच फेज मार्जिनवर (ऑसिलेशनपासूनच्या अंतरावर) चालायला हवा, आणि बँडविड्थही साधारण तीच मिळते.

खरी गोची वेगळी आहे. सममित जोडणीत इनपुट पिन फारशा हलत नाहीत. फॉलोअरमध्ये त्या पूर्ण सिग्नलसोबत वरखाली होतात, त्यामुळे इनपुट कॉमन-मोड श्रेणी पाळावीच लागते. टीएचएस४५३१एसारख्या भागांत इनपुट खाली मायनस रेलपर्यंत जाऊ शकतो, पण वर सव्वा व्होल्टच्या आसपास जागा सोडावी लागते. ३.३ व्होल्टवर म्हणजे २ व्होल्टपर्यंत मोकळीक, त्यापुढे आउटपुटला जागा असली तरी इनपुटला नाही. शिवाय कॉमन-मोड रिजेक्शनची वक्रता आता डिस्टॉर्शन म्हणून दिसते. ऑडिओसाठी हे तपासून घ्या.

इनपुट पिन हलायला नको असतील तर?

मग इन्व्हर्टिंग जोडणी. प्लस इनपुट एखाद्या स्थिर व्होल्टेजवर बांधा, सिग्नल रेझिस्टरमधून मायनस इनपुटला, फीडबॅक प्लस आउटपुटवरून. दोन्ही रेझिस्टर सारखे असतील तर आउटपुट = २ × स्थिर व्होल्टेज − इनपुट. फसायचं नाही: व्हीओसीएमचा नॉइज गेला पण त्या स्थिर व्होल्टेजचा नॉइज आता दुप्पट होऊन येतो. त्यासाठी तुम्ही पुन्हा डिव्हायडर आणि मोठा कपॅसिटर लावणार असाल तर फिरून तिथेच आलात. बोर्डावर चांगला रेफरन्स आधीपासून चालू असेल तेव्हाच या जोडणीला अर्थ आहे.

न वापरलेलं आउटपुट ग्राउंड करू का?

अजिबात नको. ते शून्यावर धरलं की सरासरी राखायला कॉमन-मोड लूप दुसऱ्याला व्हीओसीएमच्या दुपटीकडे, म्हणजे रेलकडे ढकलतो, आणि ग्राउंड केलेल्या पिनमधून शॉर्ट-सर्किट करंट वाहतो. महिनाभर चालायची बॅटरी दिवसही काढणार नाही.

मोकळं सोडा. सममित जोडणीत डिस्टॉर्शनची काळजी असेल तर वापरातल्या आउटपुटवर जेवढा लोड आहे तेवढाच दुसऱ्यावर लावा, मात्र त्यासाठी जास्त करंट खर्चावा लागेल. एकतर्फी जोडणीत, म्हणजे फीडबॅक फक्त प्लस आउटपुटवरून घेतलेला असेल तर, लावू नका.

मोकळं सोडलेलं आउटपुटही मर्यादा घालतंच. ते रेलला टेकलं की कॉमन-मोड लूपचं गणित मोडतं आणि त्याचे परिणाम वापरातल्या बाजूलाही दिसतात. म्हणून एकतर्फी जोडणीत व्हीओसीएमचा नॉइज महत्त्वाचा नसला तरी त्याची जागा महत्त्वाची आहे: सिग्नल ०.२ ते २ व्होल्टमध्ये फिरत असेल तर १.६५ व्होल्टवर ठेवलेला व्हीओसीएम मायनस आउटपुटला ३.१ ते १.३ मध्ये ठेवतो. ठीक आहे.

रेझिस्टर किती किमतीचे घ्यावेत?

सममित जोडणीत हे फार दुर्लक्षित होतं. सिग्नल ग्राउंडच्या आसपास आणि व्हीओसीएम १.६५ व्होल्टवर असेल तर दोन्ही बाजूंच्या रेझिस्टरांतून आउटपुटकडून इनपुटकडे डीसी करंट सतत वाहतो. १ किलो-ओहमचे चार रेझिस्टर लावले तर प्रत्येक बाजूने ०.८२५ मिलिअँपिअर, दोन्ही मिळून १.६५. अँप्लिफायर स्वतः पाव मिलिअँपिअर घेतो आणि त्याचे रेझिस्टर त्याच्या साडेसहा पट! १० किलो-ओहमला हे १६५ मायक्रोअँपिअर होतात, १०० किलो-ओहमला १६.५.

पण १०० किलो-ओहमच्या रेझिस्टरचा नॉइज ४० नॅनोव्होल्टच्या पुढे जातो, आणि इनपुट पिनवरच्या २ पिकोफॅरड स्ट्रे कपॅसिटन्ससोबत लूपमध्ये १.६ मेगाहर्ट्झला पोल (जिथून पुढे गेन उतरू लागतो आणि फेज मागे पडते तो बिंदू) तयार होतो. तो फीडबॅक रेझिस्टरला समांतर एक-दोन पिकोफॅरड लावून सावरावा लागतो. १० किलो-ओहमला हाच पोल १६ मेगाहर्ट्झवर असतो. मंद सेन्सरसाठी १०० किलो, बाकी बहुतेक ठिकाणी १० किलो. सिग्नल देणाऱ्या स्रोताला सममित गेन-१ जोडणी स्वतःच्या इनपुट रेझिस्टरच्या १.३३ पट दिसते, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळं करण्यापेक्षा साधा ऑप-अँपच घेतला तर?

घ्याच. दहापैकी नऊ वेळा हेच उत्तर आहे. टीएचएस४५३१एच्याच घराण्यातला ओपीए८३५ हा एक आउटपुट असलेला ऑप-अँप तेवढ्याच, म्हणजे २५० मायक्रोअँपिअरमध्ये चालतो, नॉइजही जवळपास तेवढाच आणि फॉलोअर म्हणून बँडविड्थ ५६ मेगाहर्ट्झ. मंद सिग्नलला तर मेगाहर्ट्झ हवेतच कशाला, काही मायक्रोअँपिअरवर चालणारे ऑप-अँप मुबलक आहेत. एकतर्फी जोडलेला एफडीए म्हणजे दोघांचं तिकीट काढून एकट्याने केलेला प्रवास.

मग तो वापरायचा कधी? दुसरं आउटपुट अधूनमधून लागतं तेव्हा, किंवा बोर्ड आधीच छापून झाला आहे आणि एक एफडीए रिकामा आहे तेव्हा. शिवाय पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधे ऑप-अँप सहज मिळतात, एफडीए सहसा ऑनलाइनच मागवावे लागतात आणि ते येतात बारीक पिनांच्या पॅकेजमध्ये. प्रयोगापुरतं काम असेल तर हेही कारण पुरेसं आहे.

दोन्ही आउटपुटांपुढे डिफरन्स अँप्लिफायर लावून सिंगल-एंडेड केलं तर सगळं परत मिळतं का?

बरंचसं मिळतं. व्हीओसीएमचा नॉइज आणि दुसरा हार्मोनिक दोन्ही दबतात, पण किती ते रेझिस्टरांच्या जुळणीवर. १ टक्क्याचे चार रेझिस्टर घेतले तर गेन १ ला सर्वांत वाईट परिस्थितीत ३४ डेसिबल, ०.१ टक्क्याला ५४. स्विंग मात्र परत येत नाही: पुढचा ऑप-अँपही त्याच ३.३ व्होल्टवर चालणार, त्यामुळे ५.८ व्होल्ट त्याच्यात मावत नाहीत, गेन निम्मा ठेवावा लागतो. आणखी एक ऑप-अँप, चार रेझिस्टर आणि त्यांचा करंट. लो-पॉवरच्या नावाखाली हे मला पटत नाही.

ट्रान्सफॉर्मर हे काम शून्य करंटमध्ये करतो, पण डीसी जात नाही आणि कमी फ्रिक्वेन्सीला तो आकाराने मोठा होतो. रेडिओ फ्रिक्वेन्सीला उत्तम.

आउटपुटला कपॅसिटर लावून व्हीओसीएम अडवला तर?

डीसी अडेल. कॉर्नरच्या वरचा व्हीओसीएमचा सगळा नॉइज तरीही पलीकडे जाईल.

पण माझ्या मायक्रोकंट्रोलरचा एडीसी सिंगल-एंडेड आहे, काय करू?

आधी रेफरन्स मॅन्युअल एकदा उघडून बघा. एसटीएम३२एल४ मालिकेचा एडीसी डिफरन्शियल मोडमध्ये चालतो, एनआरएफ५२ मालिकेतला एसएएडीसीही. बहुतेक उदाहरण-कोड सिंगल-एंडेड असतो, त्यामुळे ही सोय आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. रजिस्टरमधले काही बिट बदलून दोन्ही आउटपुट थेट देता आले तर वरची निम्मी प्रश्नोत्तरं तुमच्यासाठी गैरलागू. दोन्ही पिनांची व्होल्टेज आणि त्यांची सरासरी एडीसीच्या मर्यादेत बसते ना, एवढं तपासा.

एडीसीला दोन्ही आउटपुट हवीत, आणि झोपेतून उठवायला कंपॅरेटरला एक. जमेल?

जमेल, एफडीए वापरायचं हे खरं चांगलं कारण. इथे जोडणी सममितच ठेवावी लागते, म्हणजे कंपॅरेटरच्या आउटपुटवर व्हीओसीएम बसलेला असणार. तो घालवता येत नाही, पण दोन्हीकडे सारखा आणता येतो: कंपॅरेटरचा उंबरठा वेगळ्या डिव्हायडरवरून न घेता व्हीओसीएमवरूनच काढा. मग सप्लाय खचला तर सिग्नल आणि उंबरठा सोबतच सरकतात आणि रेडिओ चालू झाला म्हणून खोटी जाग येत नाही. कंपॅरेटरचा इनपुट त्या एका आउटपुटवर लोड टाकतो, तेव्हा मध्ये काही किलो-ओहमचा रेझिस्टर ठेवा, नाहीतर त्याचा किकबॅक (पलटताना इनपुटवर उलट येणारा झटका) एडीसीच्या मोजमापात उतरेल.

चिपच्या आत, म्हणजे आयसी डिझाइनमध्ये, हाच प्रश्न कसा दिसतो?

तिथे व्यवहार जास्त उघडा असतो. डिफरन्शियल पेअरवर करंट-सोर्स लोड आणि कॉमन-मोड फीडबॅक लावून एकच आउटपुट घेतलं तर गेन निम्मा मिळतो. त्याच करंटमध्ये लोड म्हणून करंट मिरर लावला, म्हणजे पाच ट्रान्झिस्टरांचा नेहमीचा ओटीए (व्होल्टेज घेऊन करंट देणारा अँप्लिफायर) केला, की दुसऱ्या बाजूचा करंट आरशातून या बाजूला येतो आणि गेन पूर्ण होतो. कॉमन-मोड फीडबॅकचं सर्किटच लागत नाही, त्याचा करंटही वाचतो. सिंगल-एंडेड हवं असेल तर मिररच्या बाजूचा कौल एवढा स्पष्ट आहे.

मिररची किंमत वेगात मोजावी लागते. तो एक पोल आणि त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीला एक झीरो (पोलचा उतार थांबवणारा बिंदू) घेऊन येतो. करंट भरपूर असताना ही जोडी इतकी दूर असते की कुणी बघत नाही. पण नॅनोअँपिअरच्या जगात ट्रान्झिस्टर वीक इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे जेमतेम चालू अवस्थेत, काम करतात, त्यांचा वेग करंटसोबत उतरतो, आणि मिररचा पोल लूपच्या बँडविड्थजवळ येऊन बसतो. सेटलिंगची लांब शेपटी दिसू लागली की आधी तिथे पाहा. स्विच्ड-कपॅसिटर सर्किटमध्ये शेवटपर्यंत फुल्ली डिफरन्शियल राहतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं थर्मल नॉइजचं: दोन्ही बाजूंना तेवढेच कपॅसिटर ठेवले तर सिग्नलची पॉवर चौपट होते, नॉइजची दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल फायदा.

आपल्या जोडणीत व्हीओसीएम खरंच आउटपुटवर येतोय की नाही, हे कसं पाहायचं?

सिम्युलेशनमध्ये अगदी सोपं. एलटीस्पाइसमध्ये सिग्नलचा एसी शून्य करा, व्हीओसीएमच्या व्होल्टेज सोर्सला एसी १ द्या आणि प्लस आउटपुटचा आलेख काढा. सममित जोडणीत ० डेसिबलची सपाट रेघ येते आणि कॉमन-मोड लूपची बँडविड्थ संपली की वळते. एकतर्फी जोडणीत कमी फ्रिक्वेन्सीला रेघ खूप खाली असते आणि वर चढत जाते. ती चढताना मध्येच ० डेसिबलच्या वर टेकडी दिसली तर दोन लूप एकमेकांत अडकत आहेत. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास स्टेप रिस्पॉन्समध्ये रिंगिंग शोधा. चिपचं मॉडेल कॉमन-मोड लूप नीट दाखवतं का, याची खात्री आधी सममित जोडणीवर करून घ्या. काही मॉडेलांत तो आदर्श स्रोत म्हणून टाकलेला असतो.

बोर्डावर हेच करायचं तर व्हीओसीएमचा कपॅसिटर काढा, फंक्शन जनरेटरवरून १०० किलो-ओहममधून काही किलोहर्ट्झचा सिग्नल पिनवर द्या आणि दोन्ही आउटपुटांवर १०:१ प्रोब लावा. एकतर्फी जोडणी बरोबर असेल तर प्लस आउटपुट सपाट राहतं आणि मायनस आउटपुटवर पिनवरच्या सिग्नलच्या दुप्पट उंचीची लाट दिसते. दोन्हीवर सारखीच लाट दिसली तर मायनस आउटपुटवरून प्लस इनपुटकडे जाणारा रेझिस्टर बोर्डावर अजून आहे.